तीन खाटा आणि एक टेबल

गाडी फलाटावर लागली तेव्हा माई आमच्याच एका ट्रंकेवर बसल्या होत्या. ती ट्रंक हमालाला उचलायची होती, म्हणून त्यांना उठावं लागलं. उठून त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्याजवळ स्वतःचं काहीच सामान नव्हतं, कारण त्या आमच्याबरोबर येत नव्हत्या.

तुमचे बाबा दोन वर्षांचेही नव्हते. ते माझ्या कडेवर झोपले होते. नंदाआत्या सहा वर्षांची, तिने डब्यात शिरल्या शिरल्या खिडकी पकडली होती. मोठे दीर, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, माझ्या हातची यादी घेऊन वळकट्या, पेट्या आणि डबे मोजत होते. सतरा नग होते आणि सतरा भरले. शिट्टी झाली तशा माई खिडकीशी आल्या, गजांतून हात घालून त्यांनी झोपलेल्या बाळाच्या तळपायाला हात लावला आणि मला म्हणाल्या, "घर लागलं की कळव."

मी म्हटलं, "हो, लगेच."

त्या 'लगेच'ला अकरा महिने लागले. ते अकरा महिने मी कधी कोणाला नीट सांगितले नाहीत. तुमच्या आजोबांना सगळं माहीत होतं, पण त्या विषयावर ते बोलत नसत.

ईशा आणि निखिल, माई म्हणजे माझ्या सासूबाई, तुमच्या बाबांची आजी. तुम्ही फोनवर इंग्रजीत बोलता, मीही इंग्रजीत उत्तर देते. वीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, तेवढं येतं. पण हे मराठीत लिहिते आहे, कारण ही माणसं मराठीत बोलली आणि मराठीतच गप्प बसली. अडलं तर बाबांना वाचून दाखवायला सांगा. त्यांनाही यातलं थोडंच ठाऊक आहे.

तेव्हा नागपूर ही राजधानी होती. स्वातंत्र्याला दहा वर्षंही झाली नव्हती आणि राज्यांच्या सीमा भाषेप्रमाणे नव्याने आखल्या गेल्या. आमचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. उरलेल्या हिंदी भागाला शेजारची राज्यं जोडून नवा मध्य प्रदेश झाला, आणि त्याची राजधानी भोपाळ ठरली. राजधानी उठली म्हणजे कचेऱ्या उठल्या, आणि कचेऱ्यांबरोबर कारकून. सचिवालयात प्रत्येकाला एक छापील फॉर्म मिळाला. त्यात मुंबई राज्यात जायचं की मध्य प्रदेशात, ते लिहून द्यायचं होतं. अण्णा आणि तुमचे आजोबा दोघेही सचिवालयात, फक्त खाती वेगळी. दोघांनीही मुंबई लिहिलं. यादी लागली तेव्हा अण्णांचं नाव मुंबईच्या यादीत होतं आणि ह्यांचं भोपाळच्या.

आमचं नागपूरचं घर भाड्याचं होतं, पण सात खोल्यांचं. पुढे ओसरी, मागे विहीर. दोन भाऊ, दोन जावा, पाच मुलं आणि माई असे दहाजण होतो, आणि तरी दुपारी एखादी खोली रिकामी असायची. त्या रिकाम्या खोलीत माझं टेबल होतं. मी बी.ए. झाले तेव्हा माझ्या वडिलांनी ते करून दिलं होतं. सागवानी, दोन खणांचं, वर हिरवं कापड लावलेलं. आमच्या घरात लिहायचं टेबल असलेली बाई मी एकटीच. पुरुषसुद्धा मांडीवर फळी घेऊन लिहायचे. मोठ्या जाऊबाई त्याला "बाईसाहेबांची कचेरी" म्हणत. हसून म्हणत, पण म्हणत. मला बाहेरून एम.ए.ला बसायचं होतं आणि ते त्या टेबलाशीच होणार अशी माझी पक्की समजूत होती.

हे दोन महिने आधी एकटेच भोपाळला गेले. बरोबरच्या आठ-दहा कारकुनांसह एका जुन्या बराकीत राहत होते. मग क्वार्टर मिळालं आणि पत्र आलं: दोन खोल्या, स्वयंपाकाला एक आडोसा, मागे छोटं अंगण. पत्रात खोल्यांची मापं होती. मी नागपुरात ग्राफ पेपर आणला. एक चौकोन म्हणजे अर्धा फूट असं प्रमाण धरून दोन्ही खोल्या आखल्या. मग घरातल्या एकेका वस्तूचं माप घेऊन तेवढ्याच प्रमाणात पुठ्ठ्याचे तुकडे कापले, प्रत्येकावर नाव घातलं आणि कागदावर सरकवून पाहिलं. ह्यांच्या ग्रेडला सरकारी खर्चाने ठरावीक वजनाचंच सामान नेता येत होतं, त्यामुळे काय न्यायचं, काय द्यायचं आणि काय मोडीत काढायचं हे कागदावरच ठरवणं बरं, असा माझा हिशेब. चार दिवस मी ते तुकडे हलवत होते. खरं सांगायचं तर त्या सगळ्या गडबडीत मला तेवढंच आवडत होतं. बाहेर जाऊबाई भांडी वाटत होत्या, रडत होत्या, आणि मी आत दार लोटून पुठ्ठ्याच्या खाटा फिरवत होते.

चौथ्या दिवशी दुपारी माई आत आल्या. त्यांना वाचता येत होतं, पण चष्मा आणला नव्हता. त्यांनी विचारलं हे काय, म्हणून मी एकेक तुकडा दाखवत गेले. ही बाहेरची खोली, ही आतली. हे दार, ही खिडकी. हे कपाट, ही धान्याची कोठी. त्यांनी एका तुकड्यावर बोट ठेवलं.

"हे एवढं मोठं कसलं?"

"माझं टेबल."

"बरं. आणि खाटा किती?"

"तीन. एक ह्यांची, एक माझी आणि बाळाची, एक नंदाची."

त्यांनी बोटाने तिन्ही मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. मी म्हटलं, तुम्ही अण्णांकडे मुंबईला जाल ना.

"असं ठरलंय का?" माई म्हणाल्या. "मला कोणी सांगितलं नाही."

त्यात राग नव्हता. एखाद्याने गाडीची वेळ बदलल्याचं सांगावं तशा त्या म्हणाल्या आणि निवडायला ठेवलेल्या तांदळाकडे परत गेल्या.

मी विसरले असं मला लिहिता आलं असतं. तुम्ही मानलंही असतं. पण मी विसरले नव्हते. मोठा मुलगा आईला सांभाळतो हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, आणि ते माझ्या सोयीचं होतं म्हणून मी त्याची चौकशी केली नाही. अण्णांनी धरलं होतं की मुंबईत जागा मिळेपर्यंत माई धाकट्याकडे राहतील. सरकारने शिपायापासून साहेबापर्यंत प्रत्येकाला विचारलं होतं की कुठे जायचं. माईंना आम्ही कोणी विचारलं नव्हतं.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आणि मी बोललो. बोललो म्हणजे दोघांनी आपापल्या अडचणी सांगितल्या. त्यांना मुंबईत एका सहकाऱ्याच्या घरी एक खोली मिळणार होती, पाच माणसांना. मी ग्राफ पेपर दाखवला. शेवटी असं ठरलं की तूर्त माई नागपुरात अण्णांबरोबर राहतील, आणि आमचं घर लागलं की भोपाळला येतील. टेबलाचा तुकडा त्या कागदावर होता. तो अण्णांनीही पाहिला. ते काही बोलले नाहीत आणि मीही नाही.

भोपाळला आम्ही संध्याकाळी उतरलो. हे स्टेशनवर आले होते. दोन महिन्यांत वाळले होते. दोन टांगे करावे लागले. पुढच्या टांगेवाल्याने सामानाकडे बघून ह्यांना विचारलं, "को खाँ, पूरा नागपुर उठा लाए क्या?" ह्यांना इतक्या दिवसांत भोपाळी बोलणं कळायला लागलं होतं. ते हसले. मला हसू आलं नाही. गाव मागे पडलं, तलाव मागे पडला, मग चढण लागली आणि टेकडी फोडून सपाट केलेल्या मुरमाड जागेवर चुन्याने पांढरी केलेली क्वार्टरं दिसू लागली. एकसारखी, रांगेत. एकही झाड नव्हतं.

मालगाडीने आलेलं मोठं सामान अंगणात ताडपत्रीखाली होतं. दुसऱ्या दिवशी ते आत घ्यायला सुरुवात केली, आणि कपाट दारातच अडलं. मी ग्राफ पेपर काढला. कागदावर कपाट आरामात बसत होतं. मग टेप घेऊन खोली मोजली. प्रत्येक भिंत कागदावरच्या भिंतीपेक्षा आखूड निघाली, कुठे एक फूट, कुठे दीड. मी ह्यांना विचारलं की मापं कशी घेतली होती. तेव्हा क्वार्टर नुसतं मंजूर झालं होतं, ताबा मिळाला नव्हता, कुलूप होतं, म्हणून त्यांनी बाहेरून मोजलं होतं. भिंतींची जाडी धरलीच नव्हती. सचिवालयात नियमांचे बारकावे बघणारा माणूस. त्यांचा चेहराच असा झाला होता की बोलायची गरज नव्हती.

कपाट आठ दिवस अंगणात राहिलं आणि मग गावातल्या एका लाकूडवाल्याने नेलं. कोठी गेली. घंगाळ, मोठे हंडे, आरामखुर्ची, भिंतीवरचं घड्याळ, सगळं हळूहळू गेलं. काही विकलं, काही दिलं, काही अंगणातच पडून खराब झालं. दर वेळी वाटायचं, आता बस, आता बसेल सगळं. बसायचं नाही. टेबल मात्र मी आत घेतलं होतं. पाय सुटे करून आत नेलं आणि आत पुन्हा जोडलं. बाहेरच्या खोलीत ते खिडकीखाली बसलं आणि खोलीची एक बाजू खाऊन टाकली. आतल्या खोलीत जायला तिरकं व्हावं लागे. त्याच्या खाली गव्हाचे डबे, वर माझी पुस्तकं, आणि पुस्तकांवर बाळाची दुपटी. त्या वर्षात मी त्या टेबलाशी बसून काय लिहिलं असेल तर वाण्याची यादी आणि पत्रं.

पत्रं माईंना. "घर अजून लागायचं आहे," असं मी लिहायचे. खोटं नव्हतं. घर खरोखरच लागलं नव्हतं. पाण्यासाठी सार्वजनिक नळावर रांग होती, बाळाला सारखा खोकला, नंदाला शाळेत हिंदी येईना, हे सहा वाजेपर्यंत कचेरीत. मी रोज दमून जायचे आणि दमलेल्या माणसाला पुढे ढकलायला कारण लागत नाही. अण्णा तीन महिन्यांनी मुंबईला गेले. जाताना माईंना वर्ध्याला त्यांच्या बहिणीकडे सोडून गेले, तूर्त म्हणून. मला ते पत्राने कळलं.

माईंची कार्डं यायची. चार-पाच ओळी, ठसठशीत अक्षर. मी बरी आहे. इथे सगळे चांगले आहेत. बाळाचा खोकला कसा आहे, अडुळसा दे. घर लागलं का? घाई नाही. एक कार्ड वर्ध्याहून आलं, पुढचं अमरावतीहून पुतणीकडून, मग परत वर्ध्याहून, मग चांदूरहून कोणा चुलत दिराकडून, आणि शेवटचं पुन्हा वर्ध्याहून. कार्डावरचा मजकूर तोच असायचा आणि शिक्का बदलत असायचा. मी ती कार्डं टेबलाच्या डाव्या खणात तारखेप्रमाणे लावून ठेवली होती. अशी मी व्यवस्थित होते.

आमच्या शेजारी ग्वाल्हेरहून आलेलं एक कुटुंब होतं. ग्वाल्हेरचीही कचेरी उठून भोपाळला आली होती, त्यामुळे दुःख सारखंच होतं. त्या भाभी मोकळ्या, मोठ्याने बोलणाऱ्या, आणि न विचारता घरात येणाऱ्या. त्यांचंही क्वार्टर आमच्याएवढंच. त्यात पाच मुलं आणि नवऱ्याची आई, ज्यांना सगळी रांग अम्मा म्हणायची. एके दिवशी भाभी विरजण मागायला आल्या आणि आत जाताना टेबलाचा कोपरा त्यांना लागला. कंबर चोळत त्यांनी वाकून खाली पाहिलं.

"बहनजी, तुम्हारी इस मेज के नीचे कौन सोता है?"

मी म्हटलं, कोणी नाही, गेहूँ के डिब्बे हैं.

"तो सुला दो किसी को. इतनी जगह पड़ी है. हमारे यहाँ तो मेज की जगह अम्मा हैं."

त्यांनी ते थट्टेने म्हटलं. त्यांना माईंबद्दल काही माहीत नव्हतं. मी कुणाला सांगितलंच नव्हतं की मला सासू आहे. विरजण घेऊन त्या गेल्या. मी टेबलापाशी उभी राहिले आणि टेप काढला. मोजायची गरज नव्हती, मला माप पाठ होतं. टेबलाची लांबी आणि एका खाटेची लांबी यांत फार तर चार बोटांचा फरक होता. हे मला नागपुरातही माहीत होतं. पुठ्ठ्याचे ते दोन तुकडे मी तिथेच एकावर एक ठेवून पाहिले होते, आणि मग एक उचलून बाजूला ठेवला होता.

ह्यांना मी संध्याकाळी सांगितलं की टेबल काढते आहे. ते म्हणाले, तुझ्या वडिलांनी दिलेलं आहे, विचार कर. मी म्हटलं, झाला. वस्तीतल्या दवाखान्यात औषधं द्यायला टेबल हवं होतं, दोन माणसं येऊन घेऊन गेली. पुढे कितीतरी वर्षं मी मुलांना टोचायला तिथे नेलं की ते दिसायचं. हिरवं कापड केव्हाच फाटलं होतं आणि लाकडावर बाटल्यांचे गोल डाग पडले होते. एम.ए. मी झाले नाही. त्याचा दोष टेबलावर नाही आणि माईंवर तर नाहीच. पण झाले नाही, आणि वाईट वाटलं नाही असंही नाही.

पत्र न लिहिता मी स्वतःच वर्ध्याला गेले. मुलांना भाभींकडे सोडलं. मावशींच्या, म्हणजे माईंच्या बहिणीच्या, घरी माई मागच्या पडवीत बसून शेंगा फोडत होत्या. बारीक झाल्या होत्या. मला बघून त्यांनी आधी बाळाची चौकशी केली, मग विचारलं, "लागलं का घर?"

"नाही."

"मग मी येऊन काय करू?"

"लावायला या," मी म्हटलं. "माझ्याच्याने होत नाहीये."

त्यांनी शेंगांची परडी बाजूला ठेवली. हात झटकले. मी वाट बघत होते की आता त्या अकरा महिन्यांचं काही बोलतील. त्या म्हणाल्या, "थांब, लुगडं बदलते," आणि आत गेल्या. त्यांची बांधाबांध व्हायला एवढा कमी वेळ लागला की मला मान वर करवेना. एक पत्र्याची पेटी, त्यात चार लुगडी, एक पितळी डबा, चष्मा आणि आमची सगळी पत्रं. सात खोल्यांच्या घरातून आम्ही दोन खोल्यांत आलो म्हणून मी वर्षभर रडत होते. माई सात खोल्यांतून एका पेटीत आल्या होत्या आणि ती पेटीसुद्धा कोणाच्या तरी घरात कोपऱ्यात राहत होती.

यानंतर सगळं गोड झालं असं समजू नका. पाच माणसं आणि दोन खोल्या. भांडण झालं की जायला दुसरी खोली नसायची, त्यामुळे आम्ही एकमेकींकडे पाठ करून तिथेच बसायचो. त्या तांदूळ निवडायच्या, मी वह्या तपासायचे, कारण तोवर मी वस्तीच्या शाळेत शिकवायला लागले होते. वह्या मांडीवर फळी घेऊन तपासायचे. घरातल्या वस्तू कमी करण्यात माई माझ्याहून कितीतरी पटाईत निघाल्या. एखादी बरणी उचलून विचारायच्या, ही सहा महिन्यांत कितीदा उघडलीस? बरणी गेली. जास्तीच्या गाद्या उसवून कापूस पिंजून घेतला आणि चारांच्या तीन केल्या. मी यादी करायचे आणि त्या यादीतलं अर्धं त्या खोडायच्या. मला राग यायचा, आणि महिन्याभराने कळायचं की त्या वस्तूची आठवणसुद्धा झाली नाही. हळूहळू दारातून सरळ चालत आत जाता यायला लागलं. घर लागलं की माईंना आणायचं, असं मी धरून बसले होते. ते उलटं होतं.

टेबलाबद्दल त्यांनी कधी एक शब्द विचारला नाही. आल्या त्या दिवशी खिडकीखालच्या खाटेवर त्यांनी आपलं अंथरूण घातलं आणि झोपल्या. मी समजले की ग्राफ पेपरवरचा तो तुकडा त्या विसरल्या असतील.

तीनेक वर्षांनी जनगणना झाली. गणना करणारा माणूस आला तेव्हा मी शाळेत होते. माई एकट्याच घरात. त्यांचं हिंदी बेताचं, म्हणून भाभी मदतीला येऊन बसल्या. संध्याकाळी मी परत आले तेव्हा भाभी दारातच हसत उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं की त्याने विचारलं, अम्मा, यहाँ कब से रहती हो? माई म्हणाल्या, "जब से इसने टेबल निकाला, तब से." तो बिचारा पेन्सिल धरून बसला. म्हणाला, अम्मा, वो कौन-सा साल हुआ? माई म्हणाल्या, "वो तुम देखो. साल लिखना तुम्हारा काम है."

भाभींना ती निव्वळ गंमत वाटली; कधीकाळी त्या टेबलाचा कोपरा आपल्याला लागला होता हे त्या केव्हाच विसरल्या होत्या. कौन-सा टेबल, त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, होतं एक. आत गेले तर माई खाटेवर बसून बाळाचा सदरा शिवत होत्या. मला म्हणाल्या, "सुमन, चहा टाक, माझाही टाक." मी चहा टाकला. आमच्यात त्या विषयावर एवढंच बोलणं झालं, आणि तेही भाभींच्या तोंडून.

पुढे आणखी सहा वर्षं त्या होत्या. त्याच क्वार्टरमध्ये, त्याच खिडकीखाली गेल्या. तीन खोल्यांचं क्वार्टर आम्हाला त्यानंतर मिळालं. पुढे साकेत नगरला स्वतःचं घर झालं, ते तुम्ही लहानपणी पाहिलं आहे, वरच्या गच्चीवर निखिल पडला होता ते. त्यात पुन्हा सामान भरलं. कसं भरतं कळत नाही. आजोबा गेल्यावर ते घर मी विकलं आणि या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आले. तुमच्या बाबांना फार वाईट वाटलं. एवढ्याशा जागेत आई एकटी कशी राहील, असं ते नंदाला म्हणाले. मला सामान काढायला पंधरा दिवस लागले आणि त्यातले बारा नुसते दमल्यामुळे. कशासाठीही डोळे ओले झाले नाहीत. ते काम मी एकदा केलेलं होतं.

नागपूरला मी शेवटची गेले त्याला बरीच वर्षं झाली. आमच्या घराच्या जागी दुकानं आहेत. मी भोपाळमध्ये मराठी बाई आणि नागपुरात भोपाळहून आलेली बाई. तुमच्याकडे येऊन राहिले तेव्हा तुमची आई मला गेस्ट रूम म्हणून दाखवत होती ती खोली चांगली होती, खिडकी मोठी होती. तुम्ही मला किती जपलंत ते मी विसरलेले नाही. पण त्या खोलीत मी महिनाभर बॅगेतूनच कपडे काढत होते. कपाट रिकामं होतं, तरी लावले नाहीत. कुठलं घर आपलं, याचं उत्तर मला कधी नकाशावर सापडलं नाही. आपण नसलो तर घरातलं कोणाचं तरी अडतं आणि असलो तरीही अडतं, एवढं मात्र मी दोन खोल्यांत शिकले.

परवा तुमच्या बाबांचा फोन आला. डिसेंबरात तुम्ही चौघं येताय, हे ऐकून बरं वाटलं. मग ते म्हणाले की आईला त्रास नको, जागा लहान आहे, मुलांना सवय नाही, म्हणून तलावाजवळच्या हॉटेलात दोन खोल्या घेतो आहे, दिवसभर तुझ्याकडेच असू. फोनवर मला पटकन सुचत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं आणि लांबत गेलं.

त्या खोल्या नको म्हणून सांगा. बाबा आणि आई आतल्या खोलीत झोपतील. तुम्ही दोघं बाहेर गाद्यांवर, मी दिवाणावर. निखिलचे पाय दारापर्यंत येतील आणि येता-जाता कोणीतरी त्यांना अडखळेल. सकाळी साडेसहाला नळाला पाणी येतं आणि पाऊण तासात जातं. तेवढ्यात पाचजणांच्या अंघोळी आणि भांडी व्हायला हवीत, म्हणून सहाला उठावं लागेल. मी उठवीन. हॉटेलात चोवीस तास गरम पाणी असतं, मला माहीत आहे. तिथे तुम्हाला कोणी उठवणार नाही.